अडीच मीटर अस्तर

रजेच्या दिवशी लक्ष्मी रोडला गेले,
भाचीच्या गाउनला अस्तर घ्यायला.
दुकानदाराने कडेला कात्रीची चिमूट दिली
आणि दोन्ही हातांनी ओढलं. टर्रर्र.
सरळ, धाग्यातून, सगळेच फाडतात तसं.
मी पिशवी काउंटरवर तशीच टाकून बाहेर आले.
शेजारी भांड्यांवर नावं घालून देत होते.
तिथे उभी राहून
भलत्याच कुणाची आद्याक्षरं वाचत बसले.

सव्वीस वर्षं कॅज्युअल्टीत आहे मी.
तिथे शर्ट काढत नाहीत, कापतात.
मनगटापासून खांद्यापर्यंत,
मग खालून गळ्यापर्यंत.
कॉलरशी कात्री अडते, शिवण दुहेरी असते.
मग हाताने.
किती इस्त्रीचे शर्ट, मोजले नाहीत.
एकाच्या कॉलरला मात्र दुकानातली टाचणी होती अजून.
नवले पुलाच्या उतारावरून आणलेला.
मला टोचली. मी म्हटलं, "आई गं."
आणि तो, तसल्या अवस्थेत, "सॉरी मॅडम" म्हणाला.
नंतर काही बोलला नाही.

मेट्रननी नोटीस लावली:
दर मंगळवारी चार वाजता, जुन्या लिनन रूममध्ये,
समुपदेशन. उपस्थिती प्रार्थनीय.
खाली कुणीतरी पेनाने लिहिलं,
"बदली कोण देणार?"

सहा खुर्च्या, चार माणसं, क्रीमरोल.
आणि तुळपुळे बाई.
भूल देणारे इनामदार मोबाइलमध्ये.
बिराजदार, इंटर्न, वय तेवीस,
झोपेत उशीवर दाब देतो, तीस, मग दोन श्वास.
हे त्याच्या रूममेटने सांगितलेलं. तो गप्प.
बाई काही लिहून घेत नव्हत्या.
म्हणूनच बहुधा
फरशी पुसणारे दिवे मामा बोलले,
"रक्त गरम असतं हो. फडक्यातून कळतं हाताला.
घरी कसं सांगणार? ताटं वाढलेली असतात."

बराच वेळ फक्त पंखा.
मग मी म्हटलं, माझं ना, कापडाचं आहे.
सांगितलं. टाचणीसकट.
वाटलं, आता म्हणतील खोल श्वास घ्या.
आयुष्यभर लोकांना तेच सांगत आले मी.
बाईंनी विचारलं,
"मग अस्तर घेतलंत का?"
"नाही."
"लग्न कधी आहे?"
"वीस तारखेला. सकाळी दहाला, चर्चमध्ये."
"म्हणजे शिंप्याला द्यायला उशीर झालाय."

इनामदार हसले आधी. मग मी.
आणि बिराजदार रडला,
क्रीमरोल हातात तसाच धरून.
कुणी त्याला गप्प केलं नाही.
दिवे मामांनी त्याच्या ॲप्रनवरचा चुरा तेवढा झटकला.

शनिवारी नाइट संपल्यावर, न झोपता, परत गेले.
बिराजदार सोबत आला. म्हणे, पुणं बघायचंय.
अकरा महिन्यांत त्याने
हॉस्पिटलचं गेट आणि समोरचा चहावाला बघितलाय.
दुकानदाराने काउंटरखालून पिशवी काढली,
"ताई, ही राहिली होती."
घडी घालून ठेवली होती.
कापड मोजलं. कात्रीची चिमूट दिली.
"थांबा," मी म्हटलं.
थांबला. का, ते विचारलं नाही.
"दुसरं टोक मी धरते."

फाटलं. तितक्याच मोठ्याने.
अंगावर काटा आला, खोटं का बोलू.
पण खाली कुणी नव्हतं.
लाकडी काउंटर होता, त्यावर पितळी पट्टीचा गज,
आणि बिराजदार, सुटलेला एक धागा
बोटाला गुंडाळत.

काल नोटिशीपाशी थांबले.
"बदली कोण देणार?"च्या खाली
वेगळ्या शाईत लिहिलंय:
"चार ते पाच, मी."
सही लागत नाही.
डॉक्टरचीच असणार.